राक्षसतागडीचे दावेदार



स्वागताचे उपचार झाले. या परिषदेत मनातले बोलायची संधी अध्यक्षाला एकदाच मिळते, म्हणून मी फारसी शिकण्याच्या ठरावावरच बोलणार आहे. होय, तोच ठराव, जो विषय नियामक समितीत दर वेळी वेळेअभावी मागे पडतो. अध्यक्षपद दिले की बाई गप्प बसतील असे ज्यांना वाटले, त्यांनी आता ऐकावे.

फारसी का हवी हे पाहायला राक्षसतागडीची लढाई घ्या. जानेवारी १५६५मध्ये अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर या सल्तनती कृष्णाकाठी एकत्र आल्या. विजयनगरचा रामराय मारला गेला, राजधानी लुटली गेली. एवढ्यावरून एक पक्ष सांगतो की हे धर्मयुद्ध होते आणि हिंदूंचे राज्य त्या दिवशी बुडाले. हे चित्र ठसवले ते मद्रासेतल्या रॉबर्ट सिवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या १९००च्या पुस्तकाने, आणि आमचे वक्ते अजून त्याच्याच ओंजळीने पाणी पितात. रामरायाच्या मुसलमान सरदारांनी ऐन लढाईत दगा दिला, ही गोष्ट लिहिली फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने. तो तिथे पोहोचला दोन वर्षांनी. आमच्याकडे ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली जाते.

मग विजापूरच्या अली आदिलशहाला रामरायाच्या घरात मुलगा मानले होते, त्याचे काय करायचे? गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाने परागंदा असतानाची वर्षे विजयनगरच्या आश्रयाने काढली, त्याचे काय? याच अलीने रामरायाला बरोबर घेऊन नगरावर स्वारी केली. पुढे नगरच्या हुसेन निजामशहाने अलीला मुलगी दिली, चांदबीबी, आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. तेव्हा फळी फिरली. सोलापूर आणि कल्याणी या किल्ल्यांसाठी ही माणसे एक पिढी भांडत होती. आणि राज्य बुडाले म्हणता, तर पेनुकोंड्याहून रामरायाचा भाऊ तिरुमल कशावर राज्य करत होता?

दुसरा पक्ष म्हणतो, धर्माचा यात संबंधच नव्हता. ही मंडळी माझी जवळची आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. पण रामरायाच्या सैन्याने नगरच्या मुलखात मशिदी विटाळल्या ही तक्रार इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. तो नगरात वाढला, विजापुरात बसून लिहीत होता. त्याने असे का लिहिले, कोणासाठी लिहिले, हे मूळ फारसी वाचल्याशिवाय कसे ठरवणार?

मी फारसी शिकले ती नगरात, निवृत्त झालेल्या एका शिक्षकांकडे, संध्याकाळी. ते फी घेत नसत, उच्चार चुकला की मात्र पान पुन्हा वाचायला लावत. एकदा ते मला तिथल्या बागरोजा या मकबऱ्याला घेऊन गेले. तिथे गुलाम अली नावाच्या हत्तीचे स्मारक आहे. रामरायाला याच हत्तीने पकडले असे नगरचे लोक सांगतात. एका गावाने त्या लढाईतला हत्ती जपून ठेवला, आणि त्याच गावातल्या मुलांना हुसेन निजामशहा कोण हे कोणी सांगत नाही. याचा मला आजही संताप येतो.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी कवीचे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फारसी हस्तलिखित आहे. रामरायाच्या शिरच्छेदाचे चित्र त्यात आहे. हुसेन लढाईच्याच साली वारला. त्याची राणी खुंजा हुमायून कारभार पाहू लागली, पुढे मुलानेच तिला कैदेत टाकले, आणि या पोथीच्या बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली गेली. जिंकणाऱ्यांनी स्वतःच्या घरातला इतिहास कसा खरवडला, त्याचा पुरावा आपल्या पुण्यात पडून आहे. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी १९८७मध्ये तो छापून आपल्या हातात दिला. दूरचित्रवाणीवर राक्षसतागडीचा निकाल रोज लावणाऱ्यांपैकी किती जणांनी हे पुस्तक उघडले आहे? त्यांतले दोघे आज या मांडवात बसले आहेत.

मध्ययुगावर निबंध वाचणाऱ्याला फारसी किंवा मोडी यांपैकी एक लिपी वाचता आलीच पाहिजे, आणि परिषदेने स्वतःच्या पैशाने तिचे वर्ग चालवलेच पाहिजेत, हा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्षपदावरून मांडणार आहे. आवाजी मतदान होणार नाही. एकेकाचे नाव पुकारले जाईल, आणि विरोध करणाऱ्याने उभे राहून कारण सांगावे.