चार भाषांचा विद्यार्थी आणि त्याचे लेखन



आपल्या मुलांपैकी पुष्कळजण घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, कोकणातील मुले कोकणी बोलतात. बाजारात, एस.टी.त आणि कचेरीत मराठी चालते. कुराणपठणामुळे अरबी अक्षरांची ओळख असते. महाविद्यालयात गेल्यावर पुस्तके इंग्रजी होतात. अशा विद्यार्थ्यापुढे प्रबंधाचा कोरा कागद आला की त्याला वाटते, "मला एकही भाषा धड येत नाही." ही समजूत चुकीची आहे आणि घातकही आहे. गाइडमधील पाने उतरवून काढण्याची सवय बहुधा तिच्यातूनच लागते.

प्रथम "आपली भाषा कोणती?" हा प्रश्न घेऊ. जनगणनेत मातृभाषेचा रकाना एकच असतो, पण त्याशिवाय अवगत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोय आहे. म्हणजे एका माणसाला अनेक भाषा असतात, हे सरकारनेही मानले आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. दखनीतले "नक्को" हे मराठीतले "नको" आहे. आणि मराठीतले अर्ज, हजेरी, वकील हे शब्द अरबी-फारसीतून आले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून मराठी घरांतील हिंदू तरुणही तेथे उर्दूतून शिकले. त्यामुळे त्यांचे मराठीपण गेले नाही. तसेच इंग्रजीत किंवा मराठीत प्रबंध लिहिल्याने तुमचे घरही तुमच्यापासून दुरावत नाही.

मग लिहिताना अडते कोठे? एक अडचण वाक्याची आहे. उर्दू व मराठी या दोन्हींत क्रियापद शेवटी येते; इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते. मनातले लांब वाक्य शब्दशः इंग्रजीत उतरवले की कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे पडते. उपाय सोपा आहे : वाक्य तोडा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. दुसरी अडचण मांडणीची आहे. शाळेत निबंधाची सुरुवात शेराने किंवा सुभाषिताने केली की शाबासकी मिळते. विद्यापीठातील परीक्षक मात्र आधी विचारतो : तुमचे म्हणणे काय, आणि त्याला पुरावा काय?

पुरावा पुष्कळदा आपल्या घरातच असतो. समजा, मालेगावची एखादी विद्यार्थिनी यंत्रमाग कामगारांवर प्रबंध लिहीत आहे. मजुरी कशावर मोजतात, कांडी कोण भरते, वीज गेली की कोणाचा रोज बुडतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेले आहे. असे असता ती "असंघटित क्षेत्र" या विषयावरची चार पाने कोठून तरी उतरवून देते, कारण आईच्या तोंडची भाषा विद्यापीठात चालणार नाही असे तिला वाटते. नुकसान दोघांचेही होते : तिच्याजवळचे ज्ञान कागदावर येत नाही, आणि विद्यापीठालाही ते मिळत नाही.

तिने काय करावे? पहिला मसुदा ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावा, मग तो उर्दूत असो वा मिश्र भाषेत. नंतर प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका ओळीत काढावा. त्यानंतर तो इंग्रजीत किंवा मराठीत नव्याने मांडावा. शब्दाला शब्द लावू नये. मराठी पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. कामगाराचे बोलणे जसेच्या तसे द्यावे, खाली अर्थ द्यावा, आणि ते कोणी, कोठे व केव्हा सांगितले हे त्याच्या संमतीने नोंदवावे. "कांडी" हा शब्द तसाच ठेवावा आणि एकदा समजावून सांगावा.

उसन्या मजकुराचा धोकाही सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही. साम्य ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. श्रेय देऊन घेतलेले उतारे त्यात धरले जात नाहीत. संगणकाने तयार करून दिलेले उत्तरही आपले होत नाही. याच आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना विनंती केली की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. आपल्या महाविद्यालयात याची सोय आहे काय, हे प्राचार्यांना जरूर विचारा.

पालकांना एक विनंती आहे. इंग्रजी यावी म्हणून घरातली भाषा बंद करू नका. मुलगा किंवा मुलगी प्रबंध लिहीत असेल तर "काय लिहिलेस ते आपल्या बोलीत सांग," असे म्हणा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. जे त्याला तुम्हाला समजावून सांगता येते, ते त्याला खरोखर समजलेले असते. आणि जेथे तो अडखळेल, तेथे त्याने पुन्हा पुस्तक उघडावे.

विद्यार्थी मित्रांनो, पदवीच्या कागदावर तुमचे नाव असणार आहे. त्यामागच्या लेखनात तुमचा विचारही असू द्या. भाषा कोणतीही घ्या, पण म्हणणे तुमचे असू द्या.