साखरबदाम आणि एक चिठ्ठी



अडुसष्ट वर्षांचे एक न्यायमूर्ती. दोनदा विधुर झालेले. १७२० साली ते बॉस्टनच्या कॅथरीन विन्थ्रॉप या विधवाबाईंना मागणी घालायला जात. जाताना साखरबदाम नेत आणि घरी आल्यावर बदामांचा भावसुद्धा रोजनिशीत टिपून ठेवत. बाईंचं म्हणणं, घोडागाडी ठेवा आणि डोक्यावर टोप घाला. टोपाला हे गृहस्थ काही तयार होईनात. देवानं दिलेले केस त्यांना पुरेसे होते. लग्न जमलं नाही.

हे सॅम्युअल स्यूअल. जन्म इंग्लंडातला, १६५२ चा. नऊ वर्षांचे असताना बॉस्टनला आले, हार्वर्डमध्ये शिकले आणि १६७६ मध्ये टांकसाळीचे प्रमुख जॉन हल यांचे जावई झाले. सासऱ्यांनी आपल्या लेकीला, हॅनाला, तराजूत बसवून तिच्या भारंभार चांदीची नाणी दिली म्हणतात. ऐकायला झकास, पण ती दंतकथाच. खरं ते एवढंच, की हॅनाला चौदा मुलं झाली आणि बहुतेक लहानपणीच गेली.

१६९२ मध्ये सेलमला चेटकाचे खटले चालले. आरोपीची छाया येऊन आम्हाला छळते, असं मुली सांगत आणि न्यायालय तो पुरावा मानी. १९ जण फासावर गेले. त्या न्यायासनावर स्यूअल होते.

पुढे १६९६ साल उजाडलं. मे महिन्यात घरात मृत मूल जन्मलं. डिसेंबरात दोन वर्षांची सारा गेली. त्याच दिवसांत थोरला मुलगा सॅम वडिलांना बायबलमधला उतारा लॅटिनमध्ये म्हणून दाखवत होता. निर्दोषांना दोषी ठरवण्याबद्दलची ओळ आली आणि वडिलांना सेलम आठवलं. कायद्याच्या ग्रंथांनी जे केलं नव्हतं, ते पोराच्या पाठांतरानं केलं.

१४ जानेवारी १६९७, उपवासाचा दिवस. स्यूअल यांनी चर्चमध्ये पाद्री विलर्ड यांच्या हाती चिठ्ठी दिली. खटल्यांचा दोष आणि त्याची लाज आपण पत्करतो, असा तिचा आशय. विलर्ड वाचत होते तोवर स्यूअल सगळ्यांसमोर उभे राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी मान लववली.

त्या चिठ्ठीची नक्कल त्यांनी रोजनिशीत उतरवून ठेवली आहे.