११ इनिंग्ज, एकही हिट नाही, आणि तरीही हार

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण जरा लांबच्या मैदानावर जाणार आहोत. अमेरिकेतलं कॉलेज बेसबॉल.

थांबा, लगेच स्किप करू नका. 'आम्हाला बेसबॉल कळत नाही,' असं म्हणाल. मलाही कळत नव्हतं. आजच्यापुरत्या तीनच गोष्टी लक्षात ठेवा. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. एका टीमचे तीन आउट झाले की तिची इनिंग संपते, आणि अशा नऊ इनिंग्ज असतात. पिचरनं पूर्ण मॅचभर समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही, तर त्याला म्हणतात नो-हिटर. आपल्याकडे एका बॉलरनं दहाच्या दहा विकेट घेणं जसं दुर्मीळ, तसंच काहीसं.

तर चला, तारीख आहे २१ मे १९८१. न्यू हेवन शहरालगतचं येल युनिव्हर्सिटीचं मैदान. येलकडून रॉन डार्लिंग, वय २०. समोर सेंट जॉन्सचा डावखुरा फ्रँक व्हायोला, वय २१. नऊ इनिंग्ज झाल्या, स्कोअर ०-०. दहावी झाली, अकरावी झाली, तरी ०-०. आणि डार्लिंगनं अकरा इनिंग्जमध्ये एकही हिट दिलेला नाही! व्हायोलाला हिट पडत होते, पण तोही अकरा इनिंग्ज रन देत नव्हता.

बाराव्या इनिंगमध्ये सेंट जॉन्सच्या स्टीव्ह स्काफानं बॉल अलगद उचलून मोकळ्या जागेत टाकला. पहिला हिट. प्रेक्षक उभे राहिले, आणि समोरच्या टीमच्या पोरांनीही डार्लिंगसाठी टाळ्या वाजवल्या. मग स्काफानं दुसरा बेस चोरला, तिसरा चोरला, आणि शेवटी दोन रनर एकदम पळाले त्या गडबडीत तो घरी पोचला. १-०. डार्लिंगनं १६ जणांना स्ट्राइकआउट केलं, बाराही इनिंग्ज एकट्यानं टाकल्या, आणि मॅच हरला.

आता गंमत ऐका. त्या दिवशी प्रेक्षकांत ९१ वर्षांचे एक आजोबा बसले होते. स्मोकी जो वुड. १९१२ मध्ये बोस्टन रेड सॉक्ससाठी त्यांनी ३४ मॅच जिंकल्या होत्या आणि फक्त ५ हरल्या होत्या. पुढे त्यांनी येलच्या टीमला वर्षानुवर्षं कोचिंगही दिलं. रॉजर एंजेल नावाचा लेखक त्यांच्या शेजारी बसून मॅच बघत होता. त्यानं 'द न्यू यॉर्कर'मध्ये त्या दुपारवर लिहिलं, म्हणून ती दुपार आजही लोकांच्या आठवणीत आहे.

पण मला त्या आजोबांचं दुसरंच काही आठवतं. १९१२ च्या त्या भन्नाट सीझननंतर पुढच्याच वर्षी त्यांचा अंगठा मोडला आणि मग हात दुखायला लागला. तो पुन्हा पहिल्यासारखा कधीच झाला नाही. शेवटी पिचिंग सोडून ते बॅटर म्हणून परत आले, क्लीव्हलंडकडून. म्हणजे डार्लिंग बाराव्या इनिंगला बॉल टाकत होता तेव्हा हाताचं बिल काय येतं हे पक्कं माहीत असलेला माणूस तिथे बसून बघत होता.

डार्लिंगचं पुढे चांगलं झालं. १९८६ मध्ये न्यू यॉर्क मेट्ससोबत त्यानं वर्ल्ड सिरीज जिंकली. व्हायोलानं १९८८ मध्ये साय यंग अवॉर्ड मिळवला, आणि नंतर दोघं मेट्समध्येच एकत्र खेळले. पण सगळ्यांचं असं होत नाही.

३० मे २००९, टेक्सस विरुद्ध बोस्टन कॉलेज. ही मॅच २५ इनिंग्ज चालली, सात तासांहून जास्त. कॉलेज बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच. सातव्या इनिंगमध्ये टेक्ससनं ऑस्टिन वुडला आणलं. आडनाव तेच, पण आजोबांशी नातं काही नाही. रिलीव्हर, म्हणजे मधे येऊन थोडं टाकून जाणारा. हा पठ्ठ्या १३ इनिंग्ज टाकत राहिला! त्यातल्या सलग १२ पेक्षा जास्त इनिंग्जमध्ये हिटच नाही. एकूण १६९ बॉल. क्रिकेटच्या हिशेबात २८ ओव्हर आणि वर एक बॉल, तेही एकाच रात्री, प्रत्येक बॉल जीव काढून. टेक्सस ३-२ नं जिंकलं.

त्याला एवढं का टाकायला लावलं, यावर नंतर बरीच टीका झाली. प्रोफेशनल टीमनं त्याला निवडलं, पण मेजर लीगपर्यंत तो कधीच पोचला नाही. त्या एका रात्रीमुळेच, असं मी म्हणणार नाही. ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रश्न तर पडतोच ना?

तिसरा पोरगा आपल्याला जरा जवळचा. नाव कुमार रॉकर! आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. ८ जून २०१९, व्हँडरबिल्ट विरुद्ध ड्यूक. आदल्या मॅचमध्ये व्हँडरबिल्ट १८-५ असं धुतलं गेलं होतं. ही हरली तर सीझन संपला. आणि पहिल्या वर्षाला असलेल्या १९ वर्षांच्या कुमारनं नो-हिटर टाकला. वय १९, स्ट्राइकआउटही १९. एकूण १३१ बॉल. व्हँडरबिल्टनं पुढे त्या वर्षीचं अजिंक्यपदही जिंकलं.

मग? २०२१ मध्ये मेट्सनं त्याला निवडलं, आणि मेडिकल बघून करारच केला नाही. २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सनं घेतलं. २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन. सप्टेंबर २०२४ मध्ये कुठे तो मेजर लीगमध्ये पहिली मॅच खेळला.

हे सगळं मी का सांगतोय? कारण कॉलेजमध्ये मीही फास्ट बॉलिंग करायचो. इंटर-कॉलेजच्या एका मॅचमध्ये खांदा दुखत होता, आणि सर म्हणाले, 'अजून एक ओव्हर.' मी हो म्हणालो. मग अजून एक. सरांनी मला धरून थोडंच ठेवलं होतं? मलाच नाही म्हणायचं नव्हतं. मॅच जिंकलो, खांद्यावर घेऊन नाचवलं मला. त्यानंतर मी तसा बॉल कधी टाकू शकलो नाही. आजही बसमध्ये वरचा दांडा पकडायला डावा हातच वर जातो.

म्हणून या गोष्टी ऐकताना मला दोन्ही वाटतं. अंगावर काटाही येतो आणि पोटात गोळाही. कॉलेज बेसबॉलमध्ये किती बॉल टाकायचे याची सक्तीची मर्यादा नाही, कोच ठरवतो. आणि विशीतलं पोर भर मॅचमध्ये 'बास' म्हणत नाही. ते म्हणायचं काम मोठ्यांचं.

तुमच्यापैकी कोणी आता कॉलेजकडून खेळत असेल, तर एवढंच सांगतो. दुखतंय हे सांगणं म्हणजे टीमशी गद्दारी नाही. आणि कोणी कोच ऐकत असतील तर सर, पोरगं 'टाकतो' म्हणालं तरी एकदा त्याचा खांदा बघा.

तुमचा असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू. काळजी घ्या, हाताची पण!