गोड पेयांवरील निर्बंध आणि सार्वजनिक आरोग्य
(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



जबलपूरच्या उन्हाळ्यात शाळा सुटताच मुलांची पावले थंड बाटल्यांच्या दुकानाकडे वळली, तर नवल नाही. तहान खरीच असते. पण ती भागवायला साखर लागत नाही. सर्वसाधारण कोला पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सात चमच्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली इष्ट मर्यादा प्रौढांसाठीही दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच आहे. शिवाय पोळी-भाताप्रमाणे पेयाने पोट भरत नाही. जेवण तेवढेच राहते आणि साखरेची वर भर पडते.

अशा पेयांवर निर्बंध घातल्याने समाजाचे आरोग्य सुधारते काय? मेक्सिकोने २०१४ मध्ये लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर ठरवला, तेव्हा तो चुकवण्यासाठी उत्पादकांनीच साखर कमी केली. पुढे इंग्लंडमधील एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींतील स्थूलता अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळली. मुलग्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. तात्पर्य, निर्बंध निष्फळ नाही आणि रामबाणही नाही.

भारतात वायुयुक्त पेयांवर ४० टक्के कर आहे. परंतु त्यांत साखर असो वा नसो, दर एकच. त्यामुळे साखर कमी करणाऱ्या उत्पादकाला करात काहीच सवलत मिळत नाही. शाळांपुरता नियम अधिक नेमका आहे. २०२० च्या केंद्रीय नियमावलीने शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिशर्करायुक्त पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले.

पण ५० मीटर म्हणजे मुलाची शंभरएक पावले. त्यापुढे कायदा थांबतो आणि घराचे वळण सुरू होते. वाढदिवसाला मोठी बाटली आणणाऱ्या घरात शाळेतला फलक मुलाला काय शिकवणार? आणि पन्हे किंवा कोकम सरबत आपले म्हणून त्यातील साखर निरुपद्रवी ठरत नाही; ती बेताचीच हवी.

याचा अर्थ गोडाशी वैर धरावे असा नाही. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ घरोघरी येतो. संक्रांतीचा तिळगूळ आणि होळीची पुरणपोळी यांचा आनंद अबाधित राहावा. सणाचे गोड रोजच्या तहानेत मिसळू नये, एवढेच.

निर्बंधाला पर्यायाची जोड हवी. बाटली नाकारलेल्या मुलाच्या हाती स्वच्छ, थंड पाणी तत्काळ आले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत त्याची कायमची सोय करावी, पालकांनी घरी तोच नियम पाळावा, आणि महोत्सवाच्या पंगतीतही पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्याच प्रथम यावा.