शाळा मोजायची ती मुलीच्या पावलांनी

(मराठवाड्यातील एका तालुक्यात, शाळा व्यवस्थापन समित्यांवरील महिला सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण.)



आपल्या तालुक्यातल्या सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांची तुलना कशी करायची, यावर मला बोलायला सांगितलं आहे. खरं तर शाळांची तुलना आपल्या घरात होतच असते. मुलगा चौथी-पाचवीत गेला की घरात चर्चा सुरू होते. तालुक्याची इंग्रजी शाळा बरी की शेजारगावचं हायस्कूल, फी किती, गाडी दारात येते का, सगळी चौकशी होते. मुलीच्या वेळी अशी चौकशी कोण करतं? ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि गावातली शाळा जिथे संपते तिथे बऱ्याचदा तिचं शिक्षणही संपतं. शाळांची तुलना करता करता आपण लेकाची आणि लेकीची किंमतच ठरवून टाकतो. म्हणून आज ही तुलना आपण लेकीसाठी करू या.

एम.एस.डब्ल्यू. करून मी या भागात कामाला लागले त्याला दहा वर्षं झाली. मुलीची शाळा सुटते ती याच तीन वर्षांत, हे मी घरोघरी पाहिलं आहे. अकरा ते चौदा हे वय. पाळी येते, धाकट्या भावंडांचं करायला हात लागतो, स्थळांच्या गोष्टी कानावर येतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आठवीपर्यंतच. कायद्याने हातात दिलेली ही शेवटची तीन वर्षं आहेत, ती निसटता कामा नयेत.

आता मोजायचं कशाने? कायद्याने माप दिलेलं आहे आणि ते सगळ्या शाळांना सारखं आहे. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा. वर्षाला किमान २२० दिवस शिकवणं व्हायला हवं. मुलींसाठी वेगळं शौचालय हवं, पिण्याचं पाणी हवं. आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा घरापासून ३ किलोमीटरच्या आत हवी.

प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेची सरकारी माहिती कुणालाही मोबाईलवर बघता येते. जवळपासच्या तीन शाळांची माहिती मी काढली. कागदावर तिन्ही शाळा जुळ्या बहिणींसारख्या. शौचालय आहे, पाणी आहे, ग्रंथालय आहे. मग मी तिन्ही शाळांत जाऊन आले.

पहिल्या शाळेच्या भिंती रंगवलेल्या, वर्गात मोठा पडदा, दारात बाग. मुलींच्या शौचालयाला मात्र कुलूप. किल्ली कुठे, तर गुरुजींच्या टेबलात. बारा-तेरा वर्षांच्या कोणत्या मुलीचा हात त्या टेबलापर्यंत जाईल? त्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीचे चार दिवस शाळेत येत नाहीत. महिन्याला चार दिवस म्हणजे दहा महिन्यांत चाळीस. २२० दिवसांतून चाळीस दिवस एका किल्लीपायी जातात.

दुसरी शाळा दिसायला साधी. फरशी उखडलेली. पण शौचालयात बादली आणि पाणी होतं, दाराला आतून कडी होती. दोन शिक्षिका होत्या. सहावीतल्या मुलीला मी पुस्तक दिलं तर तिने न अडखळता वाचलं, आणि वाचून झाल्यावर मलाच प्रश्न विचारला. ज्या शाळेत मुलगी पाहुण्याला प्रश्न विचारते, त्या शाळेत शिकवणं चालू आहे असं समजायला हरकत नाही.

तिसऱ्या शाळेत तीन वर्गांना मिळून एकच गुरुजी. माणूस कष्टाळू. पण ते एकाच वेळी गणितही शिकवणार, खिचडीचा हिशेबही लिहिणार आणि ऑनलाईन माहितीही भरणार. गणिताला वेगळा शिक्षक का नाही, हे त्या गुरुजींना विचारून उपयोग नाही. तो प्रश्न पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारायचा. माणसाचा दोष आणि व्यवस्थेचा दोष यांत आपण गल्लत करायला नको.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पटावर किती मुली आहेत एवढ्यावर थांबू नका. तीन वर्षांपूर्वीचा पाचवीचा हजेरीपट मागा. त्यातल्या मुलींची नावं उतरवून घ्या आणि आजच्या आठवीत त्या नावांचा शोध घ्या. जी सापडत नाही ती कुठे गेली, हे एकेकीचं नाव घेऊन विचारा. कुणी दुसऱ्या शाळेत गेली असेल, तर बरंच आहे. कुणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली असेल. अशा मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या शाळेत चालते का, हे दिवाळीच्या आधीच विचारायला हवं, कारण दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. कुणी घरी बसली असेल. कुणाचं लग्न झालं असेल, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असूनही हजेरीपटावर नुसतं ‘गैरहजर’ असं लिहिलेलं असेल. कोणती शाळा चांगली हे ठरवताना हा शोध इमारतीपेक्षा जास्त सांगून जातो.

रस्ताही शाळेचाच भाग आहे. पाचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. पण पास असून भागत नाही. शाळा पाच वाजता सुटते आणि गाडी साडेसहाला येते, तर तो दीड तास मुलगी कुठे उभी राहते? फाट्यावर कोण असतं? घरची माणसं याच दीड तासाला घाबरून तिची शाळा बंद करतात. त्यामुळे दोन शाळांची तुलना करताना मुलीबरोबर एकदा तो रस्ता स्वतः चालून बघा.

काही जणी म्हणतील, तुलना करून काय करायचं, आपल्याला निवडायला शाळा आहेत कुठे? प्रश्न रास्त आहे. त्यातला धोकाही सांगते. चांगली शाळा ठरवून सगळी मुलं तिकडे नेली, की उरलेल्या शाळेचा पट घसरतो. पट घसरला की शिक्षक जातो, आणि मग शाळाच जाते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मागवले होते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. शाळा लांब गेली की मुलगा सायकलवर जातो आणि मुलगी घरी राहते. म्हणून आपली तुलना शाळा सोडण्यासाठी नको. शेजारच्या गावात आहे ते आमच्या गावात का नाही, हे विचारण्यासाठी हवी. सरकार तेच, कायदा तोच, मग दुसऱ्या शाळेच्या दाराला कडी आणि आमच्या दाराला कुलूप का?

हे विचारायचा अधिकार तुमच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. पण होतं काय? कागद घरी येतो, सही करा म्हणतात, आपण करतो. काही ठिकाणी बैठकीला नवराच जातो.

पुढच्या बैठकीला तुम्ही स्वतः जा. इतिवृत्त वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर लेकीला बरोबर न्या, ती वाचून दाखवेल. तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. शौचालयाचं कुलूप आजपासून निघेल. गळालेल्या मुलींची यादी पुढच्या बैठकीत नावानिशी येईल. आणि १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती नेमली आहे का, त्यात कोण आहे, हे भिंतीवर लागेल. यातल्या एकाही गोष्टीला इमारतीचा निधी लागत नाही.

दोन गावांतल्या बायकांनी मिळून एकमेकींच्या शाळा बघून याव्यात, अशी माझी विनंती आहे. तुम्ही त्यांच्या शाळेत जा, त्यांना तुमच्या शाळेत बोलवा. कुणाकडे काय आहे ते लिहून काढा आणि तो कागद घेऊन दोन्ही गावांच्या बायका मिळून पंचायत समितीत जा. एकटीला उद्या या म्हणून सांगतील. वीस जणी गेलात तर बसायला सांगावं लागेल.