गोठ्यातली राजदूत आणि गटाचं कर्ज

मागच्या महिन्यात आमच्या एका गटापुढे कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, बियाण्यासाठी नाही. जुनी मोटरसायकल दुरुस्त करायला 12,000 रुपये. अर्ज करणाऱ्या वहिनी शाहूवाडीच्या पट्ट्यातल्या. त्यांचे मालक याच गाडीला दुधाच्या किटल्या लावून डेअरीला जायचे. ते वारल्यापासून, म्हणजे 14 वर्षं, गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी. दिरांचं म्हणणं, भंगारवाला वजनावर 3,000 देतोय, देऊन टाका. वहिनींचं म्हणणं, गाडी चालू झाली तर लेक अंडी आणि दूध घेऊन बाजारला जाईल. आणि दुसरं कारण त्यांनी बोलून दाखवलं नाही, ते आम्ही विचारलंही नाही.

गाडी राजदूत, 1978 सालची. एस्कॉर्ट्‌स कंपनीची ही गाडी मूळच्या पोलंडमधल्या एस.एच.एल. गाडीवरून आपल्याकडे बनायला लागली. खेड्यातल्या रस्त्यावर वजन ओढणारी म्हणून दूधवाल्यांची लाडकी. ‘बॉबी’ सिनेमातली बुटकी राजदूत ती वेगळी, ही उंच 175. पण वहिनींच्या गाडीची किक खालीच जाईना. इंजिन जाम. गटातल्या निम्म्या बायका म्हणाल्या, बुडीत कर्ज होणार. आम्ही म्हटलं, आधी इंजिन सुटतं का ते बघू, मग कर्जाचं बोलू. गावातले एक जुने फिटर मामा मदतीला आले. त्यांनी जे केलं ते आम्ही शेजारी बसून वहीत लिहून घेतलं. आज तेच सांगतोय, कारण अशी एक तरी गाडी प्रत्येक वाडीत उभी आहे.

पहिलं हे समजून घ्या की इंजिन जाम होण्याचे प्रकार दोन. एक चालता चालता होतं. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. दुसरं उभ्या उभ्या होतं, गंजानं. वहिनींना नक्की आठवत होतं, गाडी शेवटच्या दिवशी नीट चालत घरी आली होती. मामा म्हणाले, मग गंजच. पिस्टन असतो अल्युमिनियमचा, पण त्याच्या भोवतीच्या रिंगा लोखंडी आणि सिलिंडर बिडाचा. बिडावर बिड गंजून एकमेकांना चिकटतं. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीला झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन थांबला की बहुतेक वेळा एखादी खिडकी उघडी राहते, खाली थांबला तर सायलेन्सरकडची, वर थांबला तर कार्ब्युरेटरकडची. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिने ओली हवा त्या खिडकीतून आत. वहिनींच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये तर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं.

मामांनी सगळ्यात आधी किकवर नाचायला मनाई केली. हे फार महत्त्वाचं. घरातली तरणी पोरं हेच आधी करतात, दोन पायांनी उड्या मारतात. त्यानं इंजिन सुटत नाही, किकच्या गिअरचे दात तुटतात. एक पुतण्या म्हणाला, गिअर टाकून ट्रॅक्टरला बांधून ओढू. तसं केलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकायची भीती, आणि मग गाडी खरंच भंगारात.

नंतर जाम नेमकं काय आहे ते बघितलं. कधी कधी इंजिन मोकळंच असतं, किकच अडकलेली असते. म्हणून गाडी न्यूट्रल केली, चाक फिरतंय का बघितलं, स्पार्क प्लग काढला. मग मॅग्नेटोच्या बाजूचं झाकण उघडून आतल्या नटाला पान्हा लावून हलक्या हातानं हलवून बघितलं. ढिम्म. प्लगच्या भोकातून बॅटरी मारली तर पिस्टनची टाळू दिसली, भोवती तपकिरी गंज.

आता औषध. पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, तिच्यात 14 वर्षांचं आंबलेलं पेट्रोल होतं. मामांनी डिझेल आणि गिअरबॉक्समध्ये घालतात ते पातळ लाल ए.टी.एफ. ऑइल निम्मं निम्मं मिसळलं. प्लगच्या भोकातून दोन पळ्या ओतलं. सायलेन्सर काढून त्याच्या खिडकीतूनही थोडं. खाली थाळी ठेवली, कारण खिडकी उघडी असेल तर ते गळून जातं आणि रोज पुन्हा घालावं लागतं. एका काकूंनी विचारलं, खोबरेल चालेल का, घरात आहे. नको. खोबरेल काय, गोडेतेल काय, दिवस गेले की ते चिकट होतं आणि सुटायच्या ऐवजी आणखी धरतं. आणि हे करताना जवळ चूल, दिवा, विडी काहीही नको. गोठ्यात कडबा असतो, हे विसरू नका.

मग थांबायचं. हेच अवघड. वहिनी रोज सकाळी धार काढून झाली की दोन पळ्या औषध घालायच्या आणि नटाला पान्हा लावून थोडं पुढं, थोडं मागं करायच्या. एकाच दिशेनं जोर नाही. पुढं-मागं केलं की गंजाची भुकटी होते आणि तेल आत शिरायला वाट मिळते. पान्ह्याला लांब पाइप लावून जोर वाढवायलाही मामांनी मनाई केली होती. तिसऱ्या दिवशी दीर येऊन हसून गेले. चौथ्या दिवशी भंगारवाला दारात, 3,200 देतो म्हणाला. भाव वाढला तेव्हाच आम्हाला कळलं की गाडीत काहीतरी आहे.

हललं की नाही हे डोळ्याला कळत नाही. त्याला वहिनींनीच युक्ती केली. फ्लायव्हीलवर एक टिकली लावली आणि तिच्या समोर इंजिनच्या कडेला दुसरी. मामांनी 40 वर्षं गाड्या उघडल्या, पण हे त्यांनाही नवीन होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. टिकली सरकली. किती, विचारलं. जवाएवढी.

सातव्या दिवशी मामांनी गरम पाण्याचा उपाय केला. डब्याचं झाकण अडकलं की आपण गरम पाणी ओततो ना, तसंच. प्लग परत घट्ट लावला, कार्ब्युरेटरची आणि सायलेन्सरची भोकं फडक्यानं बंद केली, म्हणजे पाणी आत जाणार नाही. सिलिंडरच्या पंखांवर कढत पाणी थोडं थोडं ओतलं. बाहेरचा सिलिंडर आधी तापतो, फुगतो, आतला पिस्टन अजून गार असतो, तेवढ्या वेळात पकड ढिली होते. लगेच प्लग काढून पान्हा पुढं-मागं. आधी बोटभर फिरला, मग अर्धा फेरा, मग कर्रर्र आवाज करत पूर्ण. वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला.

यानंही सुटलं नसतं तर मामा हेड उघडणार होते आणि पिस्टनवर बोअरच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीनं ठोकणार होते. लोखंड थेट पिस्टनवर ठोकायचं नाही, अल्युमिनियमला भोक पडतं.

इंजिन सुटलं म्हणून लगेच किक मारायची घाई करू नका. पोरगा निघालाच होता पेट्रोल आणायला. आत गंजाची भुकटी असते, ती रिंगांखाली सापडली की सिलिंडर ओरबाडून काढते. म्हणून सिलिंडर उतरवला. भिंतीला जिथं रिंगा चिकटल्या होत्या तिथं खड्डे पडले होते, नखाला लागत होते. नखाला लागलं नसतं तर घासून, होनिंग करून भागलं असतं. आता कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर मोठा करून घेतला आणि त्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. क्रँकचे दोन्ही रबरी ऑइल सील बदलले. ते वाळलेले राहिले तर तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पुन्हा जाम. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ, गिअरचं ऑइल नवीन. एकूण 9,400 रुपये.

हे सगळं बघूनच गटानं कर्ज मंजूर केलं, आणि तेही दोन टप्प्यांत. बोअर मोठा करता येईल असं लेथवाल्यानं सांगितल्यावरच दुसरा टप्पा. आमचं मत विचाराल तर, इंजिनची पेटी फुटली असेल किंवा कागदच नसतील तर अशा गाडीवर गटाचा पैसा घालू नये. पण तरीही वजनावर विकू नका. जुन्या गाड्यांचे शौकीन जाम गाडीलाही भंगारापेक्षा जास्त देतात, फक्त आर.सी. बुक हवं.

कागदांचंच आता सांगतो. गाडी अजून मयत मालकांच्या नावावर आहे. मालक गेला की 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत असतं? वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर फॉर्म 25 भरून, गाडी तपासून 5 वर्षांसाठी नवी करतात. 15 वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे. कुणी म्हणेल, व्हिंटेज म्हणून नोंदवा. ते नियम 2021 ला आले, पण गाडी 50 वर्षांची लागते, म्हणजे वहिनींची 2028 ला बसेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या रस्त्यावर आणि धंद्याला चालवता येत नाही. दूध न्यायचं असेल तर ती वाट आपली नाही.

चेसिस आणि इंजिनचा नंबर गंजाखाली गेला होता. तो डिझेलच्या फडक्यानं पुसून, वर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतलाय, आर.सी.शी जुळला. संमतीपत्रावर दिरांची सही परवा झाली. मंगळवारी आम्ही वहिनींबरोबर परिवहन कार्यालयात जाणार आहोत. तोवर गाडी रस्त्यावर नाही, अंगणातच सुरू करून बंद करतात, आणि पेट्रोलमध्ये ऑइल वहिनी स्वतः मापून घालतात, लेकाच्या हातात माप देत नाहीत.