डोहातल्या साती आसरा

मंडळी, नदीकाठी डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा. आसरा म्हणजे पाण्यातल्या अप्सरा. बायका त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या वाहतात. "तिन्हीसांजेला डोहाकडं जाऊ नको रे, आसरा ओढून नेतील," असे माझी आजी बजावायची.

पाण्याचे असे भय इतर देशांतही आहे. दूर आर्मेनियात विशाप नावाच्या अजस्र सापाच्या गोष्टी सांगतात. तो पाणी अडवून बसतो म्हणे. तिथेही डोंगरात झऱ्यांजवळ हजारो वर्षांपूर्वीचे उंच दगड आहेत. काहींना माशाचा आकार दिला आहे. त्या दगडांनाही विशापच म्हणतात.

मी मास्तर असताना आमच्या शाळेतला एक मुलगा पवनेच्या डोहात बुडाला. "आसरांनी नेला," असे लोक म्हणाले. मी काठावरून बांबू घालून पाहिला. आधी कमरेएवढे पाणी. पुढच्याच पावलाला सबंध बांबू आत गेला! तळाला गाळ. पोहता न येणारे पोर वर कसे येणार?

दगडांना नमस्कार खुशाल करा. आजीच्या धाकात माया होती. पण पोरांना धाकाबरोबर कारणही सांगा. धरणातून पाणी सोडले की नदी एकाएकी चढते, हेही सांगा. पोहायला शिकवा. कोणी बुडू लागला तर उडी टाकू नका. काठावरून दोर, बांबू, साडी, जे मिळेल ते पुढे करा.

चिंचवड-चाकणला कारखान्यांमुळे परगावची पुष्कळ कुटुंबे आली आहेत. त्यांना आपले डोह ठाऊक नाहीत. त्यांना कोण सांगणार? आपणच ना!